घराला १ जीबीपीएस लागतेच, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्यात मिरजेहून मावशीचा फोन आला. घरचे इंटरनेट १०० एमबीपीएसवरून (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांची एक बाइट होते) थेट १ जीबीपीएसवर, म्हणजे दहापट वेगावर, नेले आहे आणि १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचे बिल आता चार हजारांच्या वर जाईल, असे तिने सांगितले. मावशी आणि काका दोघेही निवृत्त शिक्षक आहेत. सून घरूनच काम करते आणि नातू नववीत आहे. कारण विचारले तेव्हा तिने मला एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवला. तोच संदेश मला पुढच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटातही दिसला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रत्येक उपकरणाला १०० एमबीपीएस लागतात आणि आजच्या घरात दहा उपकरणे असतात, म्हणून घराला १००० एमबीपीएस, म्हणजे १ जीबीपीएस हवेच. यापेक्षा कमी वेग ठेवणारे पालक मुलांचे शैक्षणिक नुकसान करतात. फोर-के टीव्ही १०० वर अडखळतो. व्हिडिओ कॉल तुटतात ते वेग कमी पडल्यामुळेच. ३०० एमबीपीएसच्या खालचे इंटरनेट सरकार आता ब्रॉडबँड मानतच नाही. आणि शेवटी, पुढच्या काळासाठी आजच मोठा प्लॅन घेऊन ठेवा.

यातला गुणाकार सर्वांत निराधार आहे आणि बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे, म्हणून आधी तोच तपासू. नेटफ्लिक्स कंपनी स्वतःच्या मदत-पानावर फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल-एचडीसाठी ५ एमबीपीएस वेग सुचवते. जास्त वेग सुचवून या कंपनीचे काहीही बिघडत नाही, उलट चित्र अडखळले की तक्रार तिच्याचकडे जाते. तरीही तिने आकडा १५ वर ठेवला आहे. आता मावशीच्या घरातली रात्री आठची वेळ धरा. बैठकीत टीव्हीवर फोर-के मालिका, दोन मोबाइलवर फुल-एचडी व्हिडिओ आणि नातवाचा ऑनलाइन क्लास. पंधरा, दहा आणि चार मिळून २९ एमबीपीएस होतात. सुनेचा कॉल आणि दाराशी असलेला कॅमेरा धरला तरी बेरीज चाळिशीच्या आत राहते. उरलेली उपकरणे म्हणजे काकांचा चार्जिंगला लावलेला फोन, बंद पडून असलेला टॅबलेट आणि एक प्रिंटर. या प्रत्येकाच्या नावाने १०० एमबीपीएस कोणत्या हिशेबाने मांडले, हे संदेश लिहिणाऱ्याने कुठेही सांगितलेले नाही.

शिवाय २९ हा आकडाही सतत वापरला जात नाही. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो; टीव्ही पुढच्या काही सेकंदांचा भाग घाईने उतरवून घेतो आणि मग थांबतो, त्यामुळे सगळी उपकरणे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत आहेत असे क्वचित घडते. याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१९ मध्ये प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांतल्या संशोधकांना सोबत घेऊन आपल्या ५३ पत्रकारांच्या घरांतला इंटरनेटचा प्रत्यक्ष वापर नोंदवला. ज्यांच्याकडे १०० एमबीपीएस किंवा त्याहून मोठे जोड होते, त्यांच्याकडे एकाच वेळी सात व्हिडिओ चालू असतानाही साधारण वापर ७ एमबीपीएसच्या आसपासच होता आणि महागड्या प्लॅनमुळे चित्राच्या दर्जात नाव घेण्यासारखा फरक पडला नव्हता. ही पाहणी आता जुनी आहे, अमेरिकेतली आहे आणि त्या वेळी फोर-के आजच्याइतके पसरले नव्हते, हे मला मान्य आहे. म्हणून तो आकडा पाचपट धरा. तरी ३५ होतात.

फोर-के टीव्ही १०० वर अडखळतो, या दाव्याचे उत्तर वरच्या १५ च्या आकड्यात आलेच आहे. सरकारी व्याख्येचा दावा सरळ खोटा आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून (जेमतेम अर्धा एमबीपीएस) २ एमबीपीएसवर आणली. ३०० चा आकडा बहुधा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२१ च्या शिफारशींतून उचललेला असावा. तिथे २ ते ५० एमबीपीएसला ‘बेसिक’, ५० ते ३०० ला ‘फास्ट’ आणि त्यापुढे ‘सुपर-फास्ट’ असे वर्ग सुचवले होते. सर्वांत वरच्या वर्गाची सुरुवात उचलून तीच किमान मर्यादा म्हणून सांगायची, याला चूक म्हणणेही मला जड जाते.

मला खरा राग आला तो मुलांच्या नुकसानीच्या वाक्याचा, कारण मावशीने पैसे भरले ते त्या एका वाक्यामुळे. नातू ‘नेट स्लो आहे’ म्हणत होता, क्लास मधेच थांबत होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची मुले शिकवलेल्या बाईला कोणीतरी सांगितले की तुमच्या काटकसरीमुळे तुमचाच नातू मागे पडतो आहे. झूमच्या स्वतःच्या माहितीनुसार फुल-एचडी दर्जाच्या गटवर्गालाही दोन्ही दिशांना ४ एमबीपीएसपेक्षा कमी वेग पुरतो. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली मुले डोंगरावर जाऊन रेंज शोधत बसली होती. त्यांचे नुकसान झाले ते जोडच नव्हता म्हणून, आणि तो प्रश्न शंभराचे हजार करून सुटणाऱ्यातला नव्हता. घरात १०० एमबीपीएस असलेल्या पालकाला त्यांच्याच रांगेत उभे करून अपराधी ठरवणे आणि त्या अपराधीपणावर प्लॅन खपवणे हे मला अत्यंत वाईट वाटते.

मग क्लास थांबत का होता? हे पाहायला मी मिरजेला गेलो. घर जुने, भिंती दीड-दीड फुटांच्या. राउटर बैठकीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला. नातवाची खोली दोन भिंती पलीकडे. नवा प्लॅन चालू होऊन आठ दिवस झाले होते. त्या खोलीत वेग मोजला तर १८ एमबीपीएस आला, तोही हेलकावे खात, कधी दोनवर उतरत. नंतर लॅपटॉप थेट वायरने राउटरला जोडला तर ९४ आला. कारण साधे होते. बाहेरून येणारी फायबरची, म्हणजे काचेची, तार ज्या डब्यात संपते त्याच्यापुढे लावलेला त्यांचा जुना राउटर १०० एमबीपीएसच्या पोर्टचा, म्हणजे वायर जोडायच्या खाचेचा, होता. त्यातून त्याहून जास्त वेग जाऊच शकत नाही. वायफायही फक्त २.४ गिगाहर्ट्झचे, ज्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच असतात आणि शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच तीन चॅनेलवर बोलत असतात. म्हणजे हजार एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे जात होते आणि घरात शंभरच पोचत होते. प्लॅन बदलून देणाऱ्या माणसाने राउटरकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

व्हिडिओ कॉल तुटण्याचे कारणही बहुतेक वेळा इथेच असते. कॉलला रुंद रस्ता लागत नाही. आवाजाचे आणि चित्राचे लहान लहान तुकडे वेळेवर आणि एकसारख्या अंतराने पोचावे लागतात. गूगलचे अभियंते माइक बेल्शी यांनी २०१० मध्येच दाखवले होते की, जोड ५ एमबीपीएसवरून १० वर नेला तरी संकेतस्थळ उघडण्याच्या वेळेत जेमतेम ५ टक्के सुधारणा होते. माहितीच्या तुकड्याचा जाण्यायेण्याचा वेळ कमी केला तर मात्र फायदा होत राहतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, मग प्लॅन शंभराचा असो की हजाराचा. मोठ्या प्लॅनने तो वेग वाढत नाही आणि भिंतीत हरवलेला वायफायचा सिग्नलही परत येत नाही.

आता जे खरे आहे ते मान्य करायला हवे. फायबर स्वतः चांगले आहे. जुन्या तांब्याच्या लाइनवर पावसाळ्यात होणारी खरखर ज्यांनी सोसली आहे त्यांना हे सांगायला नको, आणि जिथे फायबर मिळते तिथे ते जरूर घ्यावे. काही घरांना मोठा वेगही लागतो. लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन घरून करणाऱ्याला २०० जीबी सामग्री पाठवायची असेल तर १०० एमबीपीएसवर साडेचार तास लागतात आणि १ जीबीपीएसवर अर्ध्या तासाच्या आत काम होते. अर्थात अपलोडचा वेगही तेवढाच मिळत असेल तर. पन्नास-पन्नास जीबीचे गेम उतरवणाऱ्या मुलालाही फरक कळेल, तासाऐवजी सात मिनिटे. अशा लोकांनी खुशाल घ्यावे. पण त्यांनीही प्लॅनखालची बारीक अक्षरे वाचावीत. अनेक ‘अमर्याद’ योजनांत महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग उतरवला जातो, आणि पूर्ण १ जीबीपीएसने सलग वापर केला तर ही मर्यादा ७ तास २० मिनिटांत संपते. शिवाय घरोघरी येणाऱ्या जीपॉन पद्धतीच्या फायबरवर साधारण २.५ जीबीपीएसची एक शाखा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, म्हणजे सगळ्यांनी एकदम मागितला तर पूर्ण वेग कोणालाच मिळत नाही.

राहिला पुढच्या काळाचा मुद्दा. घरात आलेली फायबरची तार शंभराला आणि हजाराला एकच असते. वेग वाढवायचा असेल त्या दिवशी फोन करून वाढवता येतो. भिंत फोडावी लागत नाही. पाच वर्षांनी लागेल असे वाटणाऱ्या वेगाचे पैसे आजपासून दरमहा भरण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही, कारण तेव्हा तोच वेग बहुधा स्वस्त मिळेल.

मावशीकडे आम्ही दोन बँडचा, म्हणजे २.४ सोबत ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा, नवा राउटर घेतला, तो कपाटामागून काढून मधल्या खोलीत उंचावर बसवला आणि नातवाच्या टेबलापर्यंत एक लॅनची वायर ओढली. वीज गेली की क्लास बंद पडू नये म्हणून फायबरचा डबा आणि राउटर यांच्यासाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएसही लावले. या सगळ्याचा खर्च नव्या प्लॅनच्या दोन महिन्यांच्या बिलापेक्षा कमी आला. १ तारखेपासून प्लॅन पुन्हा शंभर एमबीपीएसचा झाला आहे. नातवाच्या टेबलावर काल मोजलेला वेग ९४ होता.