एक्के टाकायचे नसतात!

जुळे सोलापुरात कुणाच्या गच्चीवर शनिवारी पोकरची टूर्नामेंट असली आणि तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आली, तर विचार करत बसू नका. सगळ्या चिप्स पुढे लोटा आणि 'ऑल-इन' असं म्हणा की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं पाहिजे. ही जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. ती टाकणं म्हणजे दारात आलेल्या जावयाला परस्पर एसटी स्टँडवर पोचवणं.

बक्षिसाची पाटी मात्र वाचू नका. पहिल्या तिघांना एकेक चादर, तिन्ही सारख्याच. मोठ्या टूर्नामेंटची सारखीच तिकिटं वाटणाऱ्या 'सॅटेलाइट'चाही हाच प्रकार: ढीगभर चिप्स घेऊन संपवा नाहीतर चिमूटभर, मिळायचं ते तेवढंच. समजा आता चौघे उरलेत. कोपऱ्यातल्या पोराकडे जेमतेम एक ब्लाइंड, म्हणजे पाळी आली की लावावीच लागणारी पैज, एवढंच शिल्लक आहे, पुढच्या डावात तो आपसूक बुडणार. एवढ्यात तुमच्याइतक्याच चिप्स असलेला समोरचा ऑल-इन जातो. तुमच्या हातात एक्के.

इथे शेजारचा कुणीतरी शहाणा तुमच्या कानात कुजबुजेल, "पॅक हो की बे!" त्याचं म्हणणं असं की समोरच्याकडे कुठलेही दोन पत्ते असले तरी एक्के साधारण 85 टक्के वेळा जिंकतात, म्हणजे 15 टक्के वेळा घरी जातात. जिंकलास तर चादर एकच, हरलास तर तीही गेली, आणि पत्ते टाकून गप बसलास तर चादर जवळपास घरात. असल्या माणसाला पुढच्या शनिवारी बोलावू नका. आपण काय चादरीसाठी खेळतो का?

गुलामांच्या जोडीचंही हेच धोरण ठेवा. पहिल्यानं रेज केला, म्हणजे पैज वाढवली. मग कोपऱ्यातल्या काकांनी रीरेज केला, म्हणजे ती आणखी वाढवली. या काकांनी दोन तासांत एकदाच हात वर केलाय, तोही पंखा वाढवायला सांगायला. अशा माणसाकडे राण्या, बादशहा किंवा एक्के असण्याचीच शक्यता जास्त, आणि वरच्या जोडीसमोर गुलाम पाचात एकदाच वाचतात. पण काका म्हातारे आहेत, त्यांना पत्ते नीट दिसत नसतील, असं धरून चला. एक्का-बादशहा असेल तर बोलायलाच नको. नावात एवढा रुबाब आहे की दोघांची मिळून साधी जोडीसुद्धा होत नाही, राण्यांच्या जोडीसमोर तो हात निम्म्याहून कमी वेळा जिंकतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

काही गच्च्यांवर पहिल्याला चादर, दुसऱ्याला टर्किश टॉवेल आणि तिसऱ्याला शेंगा चटणीचा पुडा असतो. तिथे एक्के टाकायची वेळ क्वचितच येते, हे तेवढं खरं. पण चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, आणि म्हणून गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते. चिप्सची बक्षिसातली किंमत काढायचा हा हिशेब पोकरवाले आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणून मांडतात. तुम्ही मांडू नका, त्यानं हात थरथरतो.

बाहेर पडल्यावर उठून जायचं नाही. खेळणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं, ज्यानं पत्ते पिसले त्याच्याकडे रोखून बघायचं आणि "एक्के होते बे, एक्के!" असं प्रत्येक डावाला एकदा म्हणायचं. चादर मिळालेले तिघे मान डोलवतील. त्यांना घाई नसते.