पोर्ट अडला की प्रोसेस मारायची? हनीपॉटच्या सर्व्हरवर नको

डॉकरवर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनावर, हनीपॉट (हल्लेखोरांना फसवायला मांडलेली खोटी सेवा) उभा करणाऱ्यांत एक तोडगा हातोहात फिरतो: "पोर्ट अडला? फ्यूजरने (पोर्ट कोणी धरलाय ते शोधणाऱ्या कमांडने) त्यावरची प्रोसेस मारा. नाही भागलं तर कंटेनर होस्ट नेटवर्कवर, म्हणजे थेट सर्व्हरच्याच नेटवर्कवर, टाका. तरीही अडलं तर रीबूट." घरच्या लॅपटॉपवर हे खपून जाईल. हनीपॉटच्या सर्व्हरवर यातली एकही पायरी धड नाही.

"प्रोसेस मारा." पण कोणाची? काउरी या एसएसएच हनीपॉटला बाहेरून २२ हा पोर्ट हवा असतो आणि तिथे आधीच बसलेला असतो तुमचाच एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सेवा. 'फ्यूजर -के २२/टीसीपी' दिलं की त्या पोर्टवरची चालू सेशनसुद्धा मरते, म्हणजे तुम्हीच बाहेर. वर पोर्टही सुटत नाही. सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) मेलेली एसएसएच सेवा लगेच पुन्हा उठवतो. उबंटू २२.१० पासून तर पोर्ट सॉकेट युनिटकडे, म्हणजे खुद्द सिस्टिमडीकडे असतो आणि पीआयडी १, म्हणजे सिस्टिमडीची ती पहिली प्रोसेस, अशी मरत नाही.

खरा एसएसएच आधी दुसऱ्या पोर्टवर हलवायचा, एवढंच. डॉइच टेलिकॉमच्या टी-पॉट या अनेक हनीपॉटच्या संचाचा इन्स्टॉलर हेच करतो: एसएसएच ६४२९५ वर, वेब पॅनल ६४२९७ वर. हाताने करत असाल तर नवा पोर्ट आधी फायरवॉलमध्ये उघडा. उबंटू २४.०४ वर एसएसएचडी कॉन्फिगमध्ये (एसएसएच सेवेच्या सेटिंग फाइलमध्ये) पोर्ट बदलून नुसती सेवा रीस्टार्ट केली तर काही हलत नाही; डीमन-रीलोड करून (सिस्टिमडीला सेटिंग पुन्हा वाचायला लावून) सॉकेट रीस्टार्ट करावा लागतो. आणि दुसऱ्या टर्मिनलमधून नव्या पोर्टवर लॉगिन होईपर्यंत जुनी सेशन बंद करू नका.

मारामारीआधी एरर नीट वाचायला काय हरकत आहे? 'पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड' आलं तर डॉकरने तो पोर्ट दुसऱ्या कंटेनरला दिलेला आहे. बहुतेक वेळा कंपोजचं (कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या साधनाचं) फोल्डर बदलल्यामुळे जुन्या प्रोजेक्ट-नावाने चालत राहिलेला कंटेनर निघतो. 'डॉकर पीएस' या चालू कंटेनरच्या यादीत तो दिसतो. अशा वेळी डॉकर-प्रॉक्सी (पोर्ट धरून बसणारी डॉकरची प्रोसेस) मारून उपयोग नाही, कारण डॉकरच्या हिशेबात पोर्ट दिलेलाच राहतो. कंटेनर थांबवा. 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं तर पोर्ट सहसा डॉकरबाहेरच्या प्रोसेसकडे असतो. सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून 'एसएस -टीयूएलपीएन' चालवा, म्हणजे कोणता पोर्ट कोणाकडे ते दिसेल. सुडोशिवाय इतरांच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही.

डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या, ५३ पोर्टचं भांडण जरा वेगळं. उबंटूवर सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हा सर्व्हरचा स्वतःचा डीएनएस प्रोग्रॅम १२७.०.०.५३ वर ऐकत असतो. लूपबॅकवरच (मशीनच्या आतल्या पत्त्यावरच) आहे ना, मग कसला त्रास? त्रास असा की कंटेनर ०.०.०.० मागतो, आणि त्यात सगळेच पत्ते आले. लोक रिझॉल्व्हड बंद करतात आणि मग सर्व्हरला इमेज (कंटेनरचा साचा) ओढायलाही डीएनएस मिळत नाही. त्याऐवजी पोर्ट मॅपिंगमध्ये (सर्व्हरचा कोणता पोर्ट कंटेनरच्या कोणत्या पोर्टला जोडायचा त्या ओळीत) इंटरफेसचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, आयपी लिहा. क्लाउडवर हा बहुधा खासगी पत्ता असतो. पॅनलवर दिसणारा सार्वजनिक पत्ता टाकलात तर बाइंडच होणार नाही, म्हणजे पोर्ट धरताच येणार नाही.

"होस्ट नेटवर्क लावा" हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. त्या मोडमध्ये पोर्ट मॅपिंग गळून पडतं. काउरी आत २२२२ वर ऐकतो, म्हणून एरर जाते खरी, पण २२ वर येणारा हल्लेखोर थेट तुमच्या खऱ्या एसएसएचवर. शिवाय हनीपॉट फोडून कोणी बाहेर आला तर होस्टच्या लोकलहोस्टवरच्या सेवा त्याच्यासमोर उघड्या. टी-पॉटमध्ये सुरिकाटा हा नेटवर्कवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम होस्ट नेटवर्कवर असतो हे खरं, पण त्याचं काम इंटरफेसवरची पॅकेट पाहण्याचं आहे, आमिष बनण्याचं नाही.

रीबूटबद्दल फार बोलायला नको. रीस्टार्ट पॉलिसी 'ऑलवेज' असेल तर तोच जुना कंटेनर पुन्हा उठून तोच पोर्ट धरतो.

सगळं जागेवर बसलं की नवा पोर्ट स्वतःच्या मशीनवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये लिहून ठेवा. सवयीने २२ वर गेलात, होस्ट की (सर्व्हरची ओळख) बदलल्याचा इशारा न वाचता पुढे सरकलात आणि पासवर्ड टाकलात, तर काउरी तो इमानदारीने लॉगमध्ये लिहून घेतो.