‘डी’ कमी म्हणजे ब्लड कॅन्सर? नाही

‘व्हिटॅमिन डी कमी असेल तर ब्लड कॅन्सर होतो, रोज ६० हजार युनिटची पुडी घ्या’ हा मेसेज चुकीचा आहे. लिम्फोमाच्या (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) रुग्णांत डी कमी असेल तर आजार जास्त बळावलेला दिसतो, हे खरं. पण अंथरुणाला खिळलेला माणूस उन्हात जात नाही, धड जेवतही नाही. मग डी घटणारच की! अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीत निम्म्यांना रोज २,००० युनिट डी दिलं. कॅन्सरचं प्रमाण कमी झालं नाही (निकाल २०१८).

कमतरता जरूर भरून काढा, हाडांसाठी. ६० हजारांची पुडी मात्र सहसा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच देतात. रोज घेतली तर कॅल्शियम वाढून किडनीवर बेतू शकतं. मायलोमात (हाही ब्लड कॅन्सरच) कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी फोडूच नये.