माळ कधी घातली?

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९२ आला त्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्टवरची नजर न उचलता विचारलं, "मटण किती वेळा?"

मी म्हणालो, "रविवारीच."

"आणि बुधवारी," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली. मग जरा थांबून, "शुक्रवारी बाहेर खातात ते वेगळं."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली की बायको कायम सरकारी पक्षाची साक्षीदार असते. डॉक्टरांनी मटण, चिकन, अंड्यातलं पिवळं अशी एकेकावर काट मारली. "झाडाला, वेलाला लागतं ते खा. जमिनीत येतं ते खा. बाकी बंद." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "जगायचंय तितके." असं बोलायची या डॉक्टरांची फी वेगळी नाही, त्यातच धरलेली आहे.

आता, साताऱ्यात मटण सोडता येत नाही असं नाही. येतं. पण त्याला कारण लागतं, आणि कारणंही ठरलेली आहेत. श्रावण चालतो. नवस चालतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे माळ. गळ्यात तुळशीची माळ आली की कुणी एक शब्द विचारत नाही, उलट वाकून नमस्कार करतात. कोलेस्टेरॉल या यादीत बसत नाही. त्यामुळे ऑफिसात बुधवारचा डबा उघडला आणि त्यातून दुधी निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "माळ कधी घातली?"

"नाही, माळ नाही."

"मग काय झालं?" हे 'काय झालं' स्मशानातून परतणाऱ्याला विचारतात त्या आवाजात.

खरं सांगितलं आणि पस्तावलो. दुपारपर्यंत सगळं ऑफिस एमडी झालं. लसणाच्या दोन पाकळ्या अनशेपोटी घ्या आणि वर बिनघोर खावा, असं एकाचं म्हणणं. गावरान कोंबडीत कोलेस्टेरॉल नसतंच, ते ब्रॉयलरमध्ये असतं, असं दुसऱ्याचं. आमचे शिपाईमामा सगळ्यात व्यवहारी. "सायेब, फोडी सोडा. रस्सा कशापायी सोडताय? रश्श्यात काय असतंय? पानीच की." या मतावर मी दोन रात्री गांभीर्यानं विचार केला. तिसऱ्या रात्री आठवलं की वर जो लालभडक कट तरंगतो, तो पाण्याचा नसतो.

पण सगळ्यात अवघड गेले ते बापू. बापू म्हणजे आमचे मटणवाले. अठरा वर्षं दर रविवारी सकाळी साडेसातला मी पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभा. "फऱ्याचं द्या, चरबी कमी, नळी टाका" हे मी म्हणायचो आणि ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून स्वतःला पटेल तेच द्यायचे. वजन झाल्यावर मात्र एक नळी उचलून कानाजवळ न्यायचे, सुऱ्याच्या मुठीनं टिचकी मारायचे आणि माझ्या पिशवीत टाकायचे. "हिच्यात माल हाय." कधीही चुकले नाहीत. अशा माणसाला तोंड कसं दाखवायचं? मी रस्ता बदलला. गल्लीतून न जाता मोती चौकाला वळसा घालून मंडईत जायला लागलो. चौथ्या रविवारी त्यांचा फोन आला. "सायेब, माझं काय चुकलं का? दुसरीकडनं घेताय म्हणं." मी शपथेवर सांगितलं की दुसरीकडून घेत नाही, मी घेतच नाही. पलीकडे बराच वेळ नुसता सुऱ्याचा ठोक ठोक आवाज. मग म्हणाले, "माळ घातली व्हय? बरं केलं," आणि फोन ठेवला. दुरुस्ती करायची माझी हिंमत झाली नाही.

घरात मात्र बायकोनं गोष्ट मनावर घेतली. तिचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, त्यामुळे तिच्या पोतडीतून पहिला निघाला वाघ्या घेवडा. हा आमच्या कोरेगावचा मानाचा माल. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. फिक्या दाण्यावर तांबडे पट्टे असतात, म्हणून वाघ्या. उत्तरेकडचे लोक त्याला राजमा म्हणून खातात आणि त्यांना पत्ताही नसतो की वाघ खातोय. आमच्या घरात नेमकं उलटं झालं. नाव वाघ्याचं आणि खाणाऱ्याची शेळी झालेली.

पहिल्या रविवारी तिनं तो घेवडा अस्सल मटणाच्या वाटणात केला. कांदा उभा चिरून तव्यावर काळपट होईस्तोवर परतला, सुकं खोबरं विस्तवावर धरून भाजलं, तीळ, खसखस, आलं-लसूण, आणि घरची कांदा-लसूण चटणी. वास सुटला आणि मी पेपर टाकून ताठ बसलो. त्या वासात मटण नव्हतंच, तरी सगळा रविवार होता. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की मी इतकी वर्षं प्रेम केलं ते बोकडावर की भाजलेल्या खोबऱ्यावर. अर्थात ही शंका पहिल्या घासापर्यंतच टिकली. घेवडा चांगला असतो, पण तो दातांशी भांडत नाही.

चोखायला काहीतरी हवं म्हणून रश्श्यात शेवग्याच्या शेंगा पडल्या. मी एकेक शेंग उचलून दातात धरून ओढली, मग सवयीनं तिचं तोंड ताटावर आपटून आतला माल काढायचा प्रयत्न केला. बायको बघत होती. काही बोलली नाही. जेवण झाल्यावर ताटाच्या कडेला चोथ्यांची व्यवस्थित रास, हाडकांची लागायची तशीच. दर रविवारी एक वाजता दाराशी येऊन बसणारा गल्लीतला मोत्या आलाच होता. सवयीनं रास त्याच्यापुढं टाकली. त्यानं एक चोथा हुंगला, माझ्याकडे मान वर करून बघितलं. कुत्र्याच्या डोळ्यांत वाचता येण्यासारखं इतकं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून तो समोरच्या घरी बसायला लागला.

मधल्या काळात मी विद्वानही झालो. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, शेंगदाण्यात पंचवीस, सोयाबीनमध्ये त्याहून जास्त. डाळीत जे कमी ते ज्वारीत असतं आणि ज्वारीत कमी ते डाळीत, म्हणून भाकरी-आमटी एकत्र. हे मी पंधरा मिनिटं समजावल्यावर आई म्हणाली, "मग इतकी वर्सं आमी काय येगळं येगळं खात हुतो?" फक्त बी-१२ पाशी सगळ्यांचं घोडं अडतं. ते जीवाणू तयार करतात, वनस्पतीत मिळत नाही, दुधातून थोडं येतं. त्यासाठी गोळी. म्हणजे मटण गेलं आणि गोळी आली.

खरी परीक्षा चैत्रात. गावची जत्रा. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी बोकड. दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यात चारशे माणूस जेवतं, आणि त्यात माळकऱ्यांची पंगत वेगळी. चूल वेगळी, भांडी वेगळी, वाढपीसुद्धा वेगळे. मी अंगणातल्या काहिलीकडे पाठ फिरवून ओसरीवर चढलो. पाच जण बसले होते, कपाळाला बुक्का, पांढऱ्या टोप्या. तात्यांनी सरकून जागा दिली. "ये. पांडुरंगानं बुद्धी दिली शेवटी." मग नजर माझ्या गळ्यावर. "माळ कुठाय?"

मी बारीक आवाजात म्हणालो, "माळ नाही तात्या. कोलेस्टेरॉल."

मला वाटलं आता उठवतात. पण तात्यांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली. "कोलेस्टेरॉलची हीच गोळी का रं तुला?" हीच होती. शेजारच्या अण्णांनी स्वतःची काढली. तीही तीच. पाचांतले तिघं. तात्यांच्या गळ्यात माळ येऊन बत्तीस वर्षं झाली होती. "बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं म्हणं. डॉक्टर म्हनला, तुमचं यकृत लई उद्योगी." आणि हे बोलत असताना चुलती प्रत्येकाच्या पोळीवर तुपाची धार सोडत होती. तांब्यानं. कालच्या पोळ्या राहिल्या होत्या, माळकऱ्यांसाठी जिलेबी आली होती, बटाट्याची भजी होती. अंगणात लोक दोन फोडी आणि वाटीभर रस्सा खाऊन हात धुवून कुस्त्यांना गेले. आम्ही ओसरीवर अजून जेवतच होतो.

हे तंत्र मला फार मानवलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. एलडीएल १९२ वरून १५८. मी डॉक्टरांकडे विजयी मुद्रेनं बघितलं. त्यांचं बोट दोन ओळी खाली होतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढलेले, वजन चार किलोनं वर.

"गोड खाता?"

"नाही, फारसं..."

"पाव किलो कंदी पेढे," साक्षीदार म्हणाली. "दर रविवारी. मोती चौकातून येतात ना ते हल्ली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी झाडाला लागतं ते खा म्हणालो होतो. पेढा कुठल्या झाडाला लागतो?"

म्हणजे मोती चौकही बंद. मग मंडईला जायला राहिला तो बापूंच्याच गल्लीचा रस्ता. गेल्या रविवारी छाती धरून निघालो. बापूंचं दुकान उघडं, पण ठोकळ्यापाशी पोरगा उभा होता. सुटलो म्हणून पाय उचलला आणि मंडईत शिरलो, तर शेवगेवालीपुढं बापू उकिडवे बसलेले. हातात शेंगांची जुडी. मला बघून दचकले. मग इकडंतिकडं बघत जवळ आले.

"शुगर अन् कायकाय निगालंय," म्हणाले. "तीन आठवडं झालं. कुनाला बोलू नगा सायेब, धंद्याचा प्रश्न हाय."

मी मान हलवली. दोघंही जरा वेळ शेंगांकडे बघत उभे राहिलो. मग बापूंनी ढिगातून एक जाड शेंग उचलली, कानाजवळ नेली, नखानं टिचकी मारली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"ही घ्या. हिच्यात माल हाय."