'सही केली की विषय संपला' म्हणे! मूव्हर्सवाल्या त्या फॉरवर्डचं जरा बघू

तोच मेसेज मला तिसऱ्यांदा आलाय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर आणि परवा धाकट्या भावाने पाठवला, 'ताई हे खरंय का गं?' म्हणून, कारण त्याची बदली झालीय आणि पुढच्या शनिवारी त्याचं सामान निघतंय. मेसेज लांबलचक आहे, शेवटी हात जोडलेले आणि 'जनहितार्थ' वगैरे. त्यातला मुद्दा एवढाच की पॅकर्स मूव्हर्सनी सामान फोडलं तर काहीही होत नाही. डिलिव्हरीच्या कागदावर सही केली की हक्क संपला, बिलावर 'ओनर्स रिस्क' (म्हणजे जोखीम मालकाची) छापलेलं असतं म्हणून कंपनी एक रुपया देणं लागत नाही, म्हणून ३ टक्के भरून इन्शुरन्स घ्या म्हणजे सगळं कव्हर होतं, २४ तासांत कळवलं नाही तर क्लेम बाद, आणि केस करायची तर कंपनीच्या गावी जाऊन वकील लावावा लागतो त्यापेक्षा फुटलेलं विसरा आणि नवीन घ्या.

मी वकील नाही हे आधीच सांगते. पण नवरा बँकेत आहे, दर तीन-चार वर्षांनी आमचं बिऱ्हाड उठतं, आणि बंगळुरूहून पुण्याला येताना आमचा टीव्ही, सासूबाईंच्या सागवानी कपाटाचा आरसा आणि देव्हाऱ्याचा कळस एवढं सगळं एका फटक्यात गेलं, तेव्हा पाच महिने याच भानगडीत घालवलेत. त्यामुळे हा मेसेज वाचून डोकं फिरतं, कारण त्यातला एकच मुद्दा निम्मा खरा आहे आणि तो सुद्धा ते म्हणतात त्या कारणासाठी नाही.

आधी 'ओनर्स रिस्क'. रस्त्याने मालवाहतुकीसाठी आपल्याकडे २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे, १ मार्च २०११ पासून लागू, त्याच्या आधी चक्क १८६५ चा कायदा चालू होता. त्याचं कलम १७ म्हणतं की ताब्यात घेतलेला माल हरवला, फुटला, खराब झाला तर वाहतूकदार जबाबदार, अपवाद फक्त दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती आणि सरकारी बंदी असले. आणि त्यातही पुरेशी काळजी घेऊन नुकसान टाळता आलं असतं तर अपवादाचीही ढाल चालत नाही. 'मॅडम घाटात पाऊस लागला' ही दैवी आपत्ती नाही, ताडपत्री नीट बांधली नाही एवढंच ते. शिवाय निष्काळजीपणा झाला हे तुम्ही सिद्ध करत बसायचं नसतं, तो झाला नाही हे त्यांनी दाखवायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २००० साली नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या केसमध्ये सांगितलंय की वाहतूकदाराची जबाबदारी जवळजवळ विमा कंपनीसारखी असते आणि मालकाच्या जोखमीवर असं लिहिलं म्हणून तो निष्काळजीपणातून सुटत नाही. त्याच वर्षीच्या पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा केसमध्ये हेही ठरलं की पुराव्याचा हा नियम ग्राहक मंचातल्या (आताच्या ग्राहक आयोगातल्या) तक्रारीलाही लागू होतो. हे दोन्ही निकाल जुन्या कायद्याखालचे, पण पुराव्याचा तो नियम नव्या कायद्यातही आहे.

आणि अजून एक, फोनवर हमखास ऐकायला मिळतं ते, 'आम्ही फक्त बुकिंग घेतो, गाडी दुसऱ्याची होती'. कायद्यातल्या कॉमन कॅरियरच्या, म्हणजे वाहतूकदाराच्या, व्याख्येत बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट, ब्रोकर सगळे आहेत. पैसे घेताना तुम्ही कंपनी आणि फुटल्यावर तुम्ही ब्रोकर, असं कसं चालेल?

आता तो निम्मा खरा मुद्दा. जबाबदारी टाळता येत नाही पण तिला मर्यादा आहे, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. २०११ च्या नियमांप्रमाणे ही मर्यादा साधारण भाड्याच्या दहापट, आणि ती सुद्धा तुम्ही सामान भरायच्या आधी सही करता त्या फॉर्मवर सामानाची जी किंमत लिहिली त्याच्यापेक्षा जास्त नाही. जास्त जोखमीचा दर कबूल करून जादा भाडं भरलं असेल तर गोष्ट वेगळी. आता आमचं बिल बघा. इन्शुरन्स सोडून एकूण २८,०००, म्हणजे मला वाटलं दहापट म्हणजे २ लाख ८० हजार, भरपूर झालं. पण बिल नीट वाचलं तर पॅकिंग ९,०००, लोडिंग-अनलोडिंग ६,०००, आणि फ्रेट, म्हणजे निव्वळ वाहतुकीचं भाडं, फक्त १३,०००. म्हणजे त्यांच्या वकिलाने उद्या फ्रेटची दहापट १ लाख ३० हजार असं मोजलं असतं. आणि किंमतीच्या रकान्यात त्यांच्या पोराने स्वतःच '५०,०००' लिहिलं होतं, म्हणे टोलवर त्रास होत नाही. अख्ख्या घराची किंमत पन्नास हजार! मी वाचलंच नव्हतं, चहा करत होते हमालांसाठी.

(टोलवरचा त्रास ही पण थापच. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून 'गाडी अडवलीय, पाच हजार पाठवा' असा फोन आला तर आधी अधिकाऱ्याच्या सहीची दंडाची पावती मागा, बहुतेक वेळा गाडी लगेच सुटते.)

हे का महत्त्वाचं, तर सही केलेल्या कागदावरची मर्यादा कोर्ट मानू शकतं. १९९६ च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल केसमध्ये सही केलेल्या कुरियरच्या कागदावर १०० डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्यामुळे 'सहीने काही होत नाही' असंही मी म्हणणार नाही. फक्त मेसेजवाल्यांचं सगळं लक्ष शेवटच्या, डिलिव्हरीच्या सहीवर आहे आणि खरा खेळ पहिल्या सहीत असतो, सामान भरायच्या आधीच्या.

डिलिव्हरीच्या सहीचं म्हणाल तर 'माल सुस्थितीत मिळाला' वर सही ही त्यांच्या बाजूचा एक पुरावा झाला, हक्कसोड नाही. रात्री साडेदहाला चाळीस खोकी हॉलमध्ये टाकून हमाल दारात ताटकळत उभे, कोण उघडून बघणार? सहीच्या वर पेनाने लिहायचं, 'खोकी ४०, आतलं तपासलेलं नाही, टीव्हीचं खोकं एका बाजूला चेपलेलं', आणि त्याचा फोटो काढायचा. ड्रायव्हर कुरकुर करतो, करू दे. माझ्या नवऱ्याने एवढंच लिहिलं होतं, आरशाचं खोकं हलवल्यावर खळखळ आवाज येतो, आणि डिलिव्हरीच्या वेळचा आमच्याकडचा लेखी पुरावा तेवढा एकच. घरातली भांडणं बाजूला, त्या बाबतीत मी त्याला मानते.

आता इन्शुरन्स, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजमधला सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच आहे. तीन टक्के भरा आणि बिनधास्त रहा. आम्ही भरले होते. ३ लाखांवर ९,०००, कोटेशनवर 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून वेगळी ओळ. (हो, विमा ३ लाखांवर आणि फॉर्मवर किंमत ५० हजार, आमचाच बावळटपणा.) टीव्ही फुटल्यावर मी विचारलं पॉलिसी नंबर काय, कुठल्या कंपनीची. उत्तर आलं, 'मॅडम ते आमचं इंटर्नल असतं.' इंटर्नल म्हणजे काय? इन्शुरन्स ही नोंदणी झालेल्या विमा कंपनीनेच द्यायची गोष्ट आहे, ट्रान्सपोर्टवाला स्वतःच्या खिशातून इन्शुरन्स विकू शकत नाही. काही जण त्याच जागी एफओव्ही लिहितात, म्हणजे मालाच्या किंमतीवर घेतलेलं जादा भाडं. ती त्यांची स्वतःची जबाबदारी वाढते, ठीकच आहे, पण तो विमा नाही, त्याच्यामागे कुठलीही विमा कंपनी उभी नाही. पैसे देणार तोच माणूस ज्याने टीव्ही फोडला. आणि विमा म्हणून पैसे घेऊन पॉलिसी काढलीच नाही तर ती सेवेतली सरळ सरळ त्रुटी, ग्राहक आयोगापुढे हाच मुद्दा तुमच्या बाजूने सगळ्यात जड बसतो. आमच्या बाबतीत केस न करताही तोच मुद्दा कामी आला.

बरं समजा पॉलिसी खरी आहे. काही कंपन्यांची ओपन पॉलिसी (सगळ्या गिऱ्हाइकांच्या मालासाठी मिळून एकच) असते आणि त्यातून तुमच्या नावाचं सर्टिफिकेट निघतं. तरी 'सगळं कव्हर' नाहीच. आपल्याकडे रस्ता-रेल्वेच्या मालासाठी ए, बी, सी अशी कलमं असतात. बी मध्ये आग, वीज, पूल कोसळणं, गाडीची टक्कर, गाडी उलटणं एवढंच. म्हणजे ट्रक उलटला तर पैसे, आणि ट्रक मस्त सुखरूप आला पण हमालाच्या हातून फ्रीज जिन्यात सुटला तर काही नाही. घरसामानाची मोडतोड होते कशी ते एकदा बघा, पार्ट लोडमध्ये, म्हणजे एका गाडीत अनेकांचं सामान जातं तेव्हा, गाडी भरेपर्यंत तुमचं सामान कुठल्यातरी गोडाऊनला उतरतं, दुसऱ्यांच्या सामानाबरोबर परत चढतं, दोनदा-तीनदा हाताळलं जातं आणि टीव्हीवर कोणाची तरी लोखंडी कॉट येते. अपघात त्यात कुठेच नाही. त्यामुळे ए हवं, ज्यात स्पष्ट वगळलेलं सोडून बाकी सगळं येतं. आणि ए मध्येही अपुरं पॅकिंग वगळलेलं असतं, म्हणजे पॅकिंग त्यांनीच केलेलं, ते अपुरं होतं असं विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर लिहिणार आणि तुमचा क्लेम अडकणार. बाहेरून ओरखडाही नाही पण टीव्ही चालू होत नाही, हेसुद्धा घरसामानाच्या बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. आणि किंमत कमी लावली असेल तर भरपाई त्याच प्रमाणात. ४ लाखांचं सामान २ लाख दाखवलं तर ४०,००० च्या नुकसानीचे २०,०००च, त्यातून घसारा वेगळा.

म्हणून विमा घेऊच नका असं नाही. मी स्वतः पुढच्या वेळी थेट विमा कंपनीकडून घेणार. पण विमा आणि वाहतूकदाराची जबाबदारी हे दोन वेगळे खिसे आहेत. विमा नव्हता म्हणून वाहतूकदार सुटत नाही, आणि विमा आहे म्हणून वाहतूकदाराला नोटीस द्यायची टाळू नका, कारण पैसे दिल्यावर विमा कंपनीला तेच त्याच्याकडून वसूल करायचे असतात आणि तुम्ही ती वाट बंद केली म्हणून ती तुमच्यावरच बोट दाखवते.

२४ तासांचं झटपट सांगते. हे त्यांच्या बिलामागच्या बारीक अक्षरांत असतं. कायद्यात लेखी नोटिशीची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस आहे, डिलिव्हरीपासून नाही, हे लक्षात ठेवा, आणि ती केस करायच्या आधी दिलेली हवी. ग्राहक तक्रारीला २ वर्षं. विमा कंपनीला लवकर कळवावंच, पण केवळ उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. तरी त्याच दिवशी फोटो आणि ईमेल कराच, आणि फुटलेला तुकडा सर्व्हेअर बघेपर्यंत टाकू नका. सासूबाईंनी आरशाच्या काचा दुसऱ्याच दिवशी 'अपशकुन' म्हणून कचऱ्यात दिल्या. काय बोलणार.

राहिली कोर्टाची भीती. आमच्या बिलावर ठळक अक्षरात छापलेलं, सगळे वाद बंगळुरूच्या कोर्टातच. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, छापील ओळीने हा हक्क जात नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि घर हलवायला कोण पाच लाख देतं? वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन, २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर. त्याच्याही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, कधीकधी तिथूनच मिटतं. भांडण विमा कंपनीशी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल, तेही फुकट, पुण्यात ऑफिस आहे.

वेळ लागतो का? लागतो, तारखा पडतात, खोटं कशाला बोलू. म्हणून तर आम्ही केसपर्यंत गेलोच नाही. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, त्यात पॉलिसी नंबर मागितला आणि १९१५ चा तक्रार क्रमांक टाकला. सहा आठवडे शांतता. मग एकदम गोड आवाजात फोन. ४१,००० मागितले होते, इन्शुरन्सचे ९,००० परत आणि वर २२,००० यावर मिटलं. आरशाचे पैसे सोडावे लागले कारण काचा कचऱ्यात आणि फोटो एकच, तोही हललेला.

भावाला मी काल फोनवर एवढंच सांगितलं की किंमतीचा रकाना स्वतःच्या हाताने भर, आणि बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालाच्या पावतीवर) वस्तूंची यादी 'घरसामान ४० नग' अशी नको, टीव्ही कुठला, किती इंची, कपाट कसलं ते सगळं लिही. तो म्हणाला, 'ताई, हमालांना चहा कोण करणार मग?' म्हटलं, बाहेरून मागव.