हापूस, पायरी आणि पर्सेंटाइल

गेल्या शनिवारी लेकीच्या दप्तरातून एक गुळगुळीत, रंगीत निकालपत्र निघालं. शाळेने बाहेरच्या कुणाकडून तरी पाचवीच्या मुलांची गणिताची चाचणी घेतली होती, तिचं. आमच्या वेळी पुठ्ठ्याचं प्रगतिपुस्तक असायचं. लाल रेघ दिसली की पाठीत धपाटा, नाही दिसली की लाडू. इथे चार पानं, तीन आलेख आणि लाल शाईचा पत्ता नाही. धपाटा घालायचा तो कशाच्या आधारावर?

पहिल्या पानावर '४० पैकी २७'. शेजारी 'पर्सेंटाइल ८१'. खाली 'स्केल्ड स्कोअर ५१२'. चाळिसाच्या पेपरात पाचशे बारा! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचशे बाराच होते.

"चेडू पास झाला मा?" पडवीतून आईने विचारलं.

"आई, ह्येच्यात पास-नापास नसता."

"मगे परीक्षा कित्याक घेतली?"

प्रश्न रास्त होता. तसं आमच्याकडे पास होण्याचं कौतुक उरलेलं नाही. २०२५ साली दहावीला कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्यात पहिला. इथे पास झालेल्याला कोणी विचारत नाही. चौकशी होते ती उरलेल्यांची.

बायकोने कालनिर्णयाच्या मागे भागाकार केला : साडेसदुसष्ट टक्के. मग एक्याऐंशी कशाचे? रेशनकार्डाच्या डब्यातून गेल्या वर्षीचं निकालपत्र काढलं. त्यात ४० पैकी ३१ आणि पर्सेंटाइल ७४. म्हणजे मार्क चार उतरले आणि पर्सेंटाइल सात चढलं. ओरडायचं की पेढे आणायचे? "तुम्ही ओरडून घ्या, तोवर मी पेढे आणते," बायको म्हणाली. घरात कामाची वाटणी नेहमी अशीच होते.

शेवटी कुडाळच्या भाच्याला फोन लावला. त्याने जेईई मेन दिलीय, आणि तिथे पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत देतात. सोनारसुद्धा इतकं बारीक तोलत नाही. "मामा, ते मार्क नव्हेत, रांगेतली जागा आहे," तो म्हणाला. "शंभरातली एक्याऐंशी पोरं तिच्या बरोबरीला किंवा मागे. पेपर कठीण असला तर मार्क सगळ्यांचेच पडतात." पाचशे बाराबद्दल तो एवढंच म्हणाला, की वेगवेगळ्या पेपरांची काठिण्यपातळी सारखी नसते, म्हणून सगळ्यांना एका मापावर आणतात. ते मी सोडून दिलं.

रांगेचं मात्र चटकन कळलं. अवकाळीने मोहोर झडला त्या वर्षी, एरवी मी बाजूला काढला असता असा आंबा एक नंबर म्हणून वाशीला गेला. आंबा काही मोठा झाला नव्हता, बाकीचे गळाले होते. पैसे मोजून घेताना मी तरी कुठे कुणाला ते सांगितलं?

संध्याकाळी लेकीला स्कूटरवर मागे बसवून पेढे आणायला निघालो. तिठ्यावर शेजारचे तात्या भेटले. "काय, निकाल लागला म्हणे?"

"एक्याऐंशी," मी म्हणालो. पुढचा शब्द गिळला.

"शंभरात एक्याऐंशी? वा! आमच्या नातवाक पंचाहत्तरच टक्के!"

मी नम्रपणे हसलो. खोटं काहीच बोललो नव्हतो.

"तात्याआजोबा, ते टक्के नाहीत," मागून आवाज आला. "टक्के साडेसदुसष्ट."

तात्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, मगाशी एक्याऐंशी होते ना? उभ्या उभ्या साडेतेरा घसरले?"

वजाबाकी त्यांनी तोंडी केली होती. मी स्कूटर सुरू केली.

"बाबा, पेढे अर्धा किलो घ्यायचे की पाव?" लेकीने विचारलं.