राजपुत्र जाड नाहीये, सेटिंग चुकलंय

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे. जुन्या गेमशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

सोलापूरच्या नवी पेठेत त्या गेम स्टिक मिळतात ना, एचडीएमआयमध्ये खुपसायच्या, डब्यावर "दहा हजार गेम" छापलेलं? आज एका घरी ती चालू होती. पडद्यावर प्रिन्स ऑफ पर्शिया, डॉसवाला (विंडोजच्या आधीच्या पीसीचा), १९९० चा. टीव्हीभर ताणलेला, तलवारीच्या प्रत्येक वाराला आवाज फाटतोय. आणि चौथीतलं पोरगं विचारतंय, "काका, हा राजपुत्र एवढा जाड का आहे?"

जाड! जॉर्डन मेकनरनं सख्ख्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट हातानं उतरवून ती चाल बनवली. जगानं तो गेम त्या चालीसाठी डोक्यावर घेतला. आणि इथं तोच माणूस जाड, कारण स्टिक भरणाऱ्याला दोन ओळी बदलायचा कंटाळा!

आधी आकाराचं सांगतो. व्हीजीएच्या (तेव्हाच्या पीसीच्या चित्र-पद्धतीच्या) काळातले बहुतेक गेम ३२० गुणिले २०० ठिपक्यांत चालायचे, मॉनिटर मात्र ४:३ चा. ३२० भागिले २०० म्हणजे १.६, आणि ४ भागिले ३ म्हणजे १.३३. म्हणजे ठिपका चौरस नव्हताच, रुंदीपेक्षा वीस टक्के उंच होता. सोलापुरात हे समजावून सांगायला लागू नये खरं तर. जकार्ड चादरीचं डिझाइन ग्राफवर काढणाऱ्या कुणालाही विचारा. इंचातले उभे धागे आणि आडवे धागे सारखे नसतील तर ग्राफचं घरही त्याच प्रमाणात धरावं लागतं, नाहीतर कागदावरचं गोल फूल चादरीवर चपटं उतरतं. इथं तेच झालंय, आणि वर टीव्हीनं १६:९ भरायला चित्र आणखी आडवं ओढलंय. जाड होणार नाही तर काय होईल?

डॉसबॉक्स ०.७४-३ (नव्या मशीनवर जुना डॉस पीसी उभा करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) वापरत असाल तर स्टार्ट मेनूतून त्याची ऑप्शन्स फाइल उघडा. रेंडर विभागात ॲस्पेक्ट = ट्रू करा. पण बरेच जण एवढंच करून थांबतात आणि मग "काही फरक पडत नाही" म्हणतात. वर एसडीएल विभागात आउटपुट = सरफेस लिहिलेलं असतं. तसंच ठेवलं तर तो मधल्या काही ओळी दोनदा काढून उंची भरून काढतो, त्यामुळं चित्र खडबडीत दिसतं. म्हणून आउटपुट = ओपनजीएल आणि फुलरिझोल्यूशन = डेस्कटॉप. १०८० च्या पडद्यावर चित्र १४४० गुणिले १०८० यायला हवं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. पट्ट्या दिसल्या की घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन झूम करणारच, तेव्हा रिमोट आधी ताब्यात घ्या. ही सगळी कटकट नको असेल तर डॉसबॉक्स स्टेजिंग ही त्याचीच नवी आवृत्ती घ्या, त्यात ॲस्पेक्ट मुळातच चालू असतं.

आता तो फाटका आवाज. लोकांना वाटतं जुना गेम, म्हणून जुना आवाज. अजिबात नाही. अशा स्टिकांमध्ये सायकल्स (एम्युलेटरनं किती वेगानं पळायचं तो आकडा) = मॅक्स करून ठेवलेलं असतं. म्हणजे एम्युलेटरला सांगितलं, जेवढी ताकद आहे तेवढी सगळी लाव. आतली चिप बारकी, ती तेवढ्यातच दमते, आवाजाचा बफर वेळेत भरत नाही आणि खरखर सुरू. ज्या गेमला ३८६ हा तेव्हाचा प्रोसेसर पुरत होता त्याला मॅक्स कशाला पाहिजे?

आकडे लिहून ठेवा. पहिला ४.७७ मेगाहर्ट्झचा पीसी म्हणजे साधारण ३०० सायकल्स. १२ मेगाहर्ट्झचा २८६ म्हणजे १५००. ३८६ डीएक्स-३३ म्हणजे ६०००. ४८६ डीएक्स२-६६ म्हणजे २५ हजार, पेंटियम ९० म्हणजे ५० हजार. प्रिन्सला फिक्स्ड ३००० ते ६००० भरपूर झालं. डूमला २५ हजारांच्या पुढं जा. विंग कमांडरला (१९९०) मात्र जास्त दिलंत तर लढाई सुरू व्हायच्या आत संपते, कारण तो गेम प्रोसेसरच्याच वेगावर पळतो. त्याला ३००० पासून सुरू करा. खेळता खेळता कंट्रोल + एफ ११ नं कमी, कंट्रोल + एफ १२ नं जास्त. वरच्या पट्टीत आकडा दिसतो, जमला की तो फाइलमध्ये लिहून टाका. आणि "रनटाइम एरर २००" आला तर गेम खराब आहे म्हणून फेकू नका. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होताना मशीनचा वेग मोजतात, मशीन फार वेगवान निघालं की त्या मोजणीतला भागाकार मावत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. सायकल्स उतरवा, चालतो.

आता कुणीतरी म्हणणारच, "एवढं कशाला, ब्राउझरमध्ये एका क्लिकवर चालतं की." चालतं. इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून आहे, पाच मिनिटांच्या हौसेला पुरे. पण डेंजरस डेव्ह या गेममध्ये जेटपॅक ऑल्टवर आहे, आणि ब्राउझरमध्ये ऑल्ट + डावा बाण म्हणजे मागच्या पानावर जा. उडायला गेलात की गेमच गायब झाला, असं होऊ शकतं. ठेवा तुमचा एक क्लिक.

जाऊ दे. त्या पोराचा काही दोष नाही. उलट त्याची नजर चांगली आहे, घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ते चित्र खटकलं नव्हतं. बाकीचे सगळे "चालतंय की" म्हणून मोकळे. अशा पोरांसाठी तरी नीट लावून द्या की राव. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि पोरगं म्हणतं आपल्याला जमत नाही. गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर (तेव्हाचं साउंड कार्ड) निवडा: पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. आयआरक्यूला सवयीनं ५ टाकलंत तर आवाजाचा पहिलाच तुकडा वाजून गप्प होतो किंवा गेमच अडकतो. बऱ्याच जुन्या कार्डांवर ५ असायचा, डॉसबॉक्समध्ये ७ असतो, एवढाच घोळ.

सीडीवाल्या गेमचं वेगळं रडगाणं. क्वेक (१९९६) "म्युझिकच नाही" म्हणून किती जण सोडून देतात! गाणी सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतात आणि आयएसओ फाइलमध्ये (सीडीची एका फाइलमधली नक्कल) फक्त डेटा येतो. सीडीची बिन आणि क्यू अशी दोन फाइलींची जोडी बनवा, डॉसबॉक्सच्या आयएमजीमाउंट कमांडला क्यू फाइल द्या. असे गेमचे पॅक बनवणारे जागा वाचवायला आयएसओ करतात. दहा हजार गेम त्यातूनच मावतात, म्युझिक कापून!

विंडोज ९५-९८ च्या गेमला डॉसबॉक्सच्या नादी लागू नका. ६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचं काहीच चालत नाही, आणि गेम ३२ बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर पुष्कळदा १६ बिटचा असतो. म्हणून आधी ओटीव्हीडीएम (१६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटवर चालवणारं साधन) वापरून इन्स्टॉलर चालवून बघा. चित्र सुधारणारी दोन साधनं आहेत: रंग विचित्र दिसले तर सीएनसी-डीड्रॉ, थ्रीडी गेम असेल तर डीजीव्हूडू २. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) विंडोज ९८ टाकत असाल तर रॅम २५६ एमबीच ठेवा, ५१२ च्या वर ते अडखळतं. नव्या प्रोसेसरवर मध्येच कोसळत असेल तर पॅचर९एक्स ही दुरुस्ती लावा.

सगळ्यात खरं चालतं ते ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये. त्यात अख्खा पीसीच उभा राहतो, बायॉसपासून व्हूडू ग्राफिक्स कार्डापर्यंत. पण तुमच्या मशीनचा घाम काढतो. खिडकीच्या वरच्या पट्टीत टक्का दिसतो, तो १०० ला चिकटून राहायला हवा. त्याखाली गेला की गाणं रेंगाळायला लागतं. मग आतला प्रोसेसर एक पायरी खाली आणा, पेंटियम १६६ च्या जागी १००. आणि मे महिन्यात आपल्याकडं दुपारी लॅपटॉप तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, सकाळी १०० दाखवणारं मशीन तेव्हा ८० वर येतं. त्या वेळी सेटिंगला हात लावू नका. बंद करा, संध्याकाळी ऊन उतरलं की परत लावा.